गांधीलमाशीच्या पोटातला पाहुणा



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण राज्यकारभार, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकत आला आहात. त्यांच्यामागून आम्ही उभे राहिलो आहोत ते गांधीलमाशीच्या पोटात राहणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका किड्याची हकीकत सांगण्यासाठी. पक्वान्नांच्या पंगतीत चटणीचे बोट पुढे करावे तसा हा प्रकार आहे, हे आम्ही जाणून आहोत. परंतु पानाच्या डाव्या बाजूला चटणीलाही जागा असते. ती जागा चिटणिसांनी आम्हांस दिली, याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि विषयाला हात घालतो.

विषयाला ऋतूही अनुकूल आहे. पडवीच्या वाशाला, खिडकीच्या झडपेमागे, जिन्याखालच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची करडी कागदी पोळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची भीती वाटते, म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो ते चूड हातात घेऊनच. पोळे जाळले, की आपला आणि त्यांचा संबंध संपला. त्या पोळ्यावर बसलेल्या दहा माश्यांपैकी नऊ कामात आहेत आणि दहावी नुसती बसून आहे, हे पाहण्याची सवड आपणांस कोठून असणार?

आम्हांसही ती नव्हती, आणि ती का नव्हती हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आम्ही एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना कीटकांचा संग्रह करून द्यावा लागे. पुठ्ठ्याच्या पेटीत टाचण्यांना टोचलेले कीटक, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी, असा तो थाट असे. खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा एक मुलगा एके दिवशी काडेपेटीतून एक गांधीलमाशी घेऊन आला. म्हणाला, "सर, ही दोन दिवस नुसती बसून होती. बाकीच्या जातात, अळ्या घेऊन येतात, ही काहीच करत नाही. आणि हिच्या पोटाच्या पट्ट्यांखालून काहीतरी डोकावते आहे."

टेबलावर भिंग होते. हात लांबवला असता तर हाताला लागले असते. आम्ही वरवर पाहिले. पोटाच्या दोन वलयांच्या फटीत तपकिरी खपलीसारखे काहीतरी दिसले. आम्ही म्हणालो, "अरे, नमुना खराब आहे. माती लागलेली दिसते. धडधाकट बघून दुसरी आण." तो "बरं सर" म्हणाला आणि ती माशी त्याने खिडकीबाहेर टाकली. पुढच्या आठवड्यात त्याने एक निर्दोष, चकचकीत गांधीलमाशी आणली. आम्ही त्याला चांगले गुण दिले. आमचे स्वतःचे गुण किती, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

ते कळले कसे, हे समजण्यासाठी आधी निरोगी गांधीलमाशीचा संसार पाहिला पाहिजे. नावात माशी असली तरी ही माशी नव्हे. मुंगी आणि मधमाशी यांची ती चुलत बहीण. तिच्या पोटातील पाहुण्याचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो इटलीत, तुस्कानी प्रांतातील फ्लोरेन्स शहराच्या परिसरात. म्हणून थोडा वेळ आपणांस तिकडे यावे लागेल. तिथल्या गांधीलमाशीचे शास्त्रीय नाव पोलिस्टेस डोमिन्युला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ही माशी जुन्या लाकडाचा भुसा दातांनी खरवडते, लाळेत मळते आणि त्या लगद्याचे कागदी पोळे देठाने छपराला टांगते. एखादी मादी वसंतात एकटीच पोळ्याला आरंभ करते, तर कधी दोघीतिघी मिळून करतात. मग त्यांच्यात झटापट होऊन एक वरचढ ठरते, तीच राणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीस तिच्या पहिल्या मुली कोशातून बाहेर पडतात. त्या कामकरी. त्या झाडाझुडपांवरच्या अळ्या मारून आणतात, त्यांचा गोळा करून पोळ्यातल्या धाकट्या बहिणींना भरवतात, नवी घरे बांधतात आणि स्वतः मात्र अंडी घालीत नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणाऱ्या मुली वेगळ्या. त्या काम करीत नाहीत. खातात, पितात, अंगी चरबी साठवतात, पोळे सोडून जातात, नरांशी समागम करतात आणि थंडीत कौलांखाली किंवा भिंतींच्या फटींत एकमेकींना बिलगून निजतात. पुढल्या वसंतात त्याच नव्या राण्या होतात.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की मुंग्यांत राणी आणि दासी यांचे देहच निराळे असतात, तसे या गांधीलमाशीत नाही. कामकरीण आणि भावी राणी दिसायला जवळजवळ सारख्याच. कोणती काय होणार हे मिळालेल्या अन्नावर, ऋतूवर आणि पोळ्यातल्या परिस्थितीवर ठरते. म्हणजे प्रत्येक कामकरणीच्या अंगी राणीपणाची सामग्री मिटून ठेवलेली असतेच. ही मिटलेली घडी भलत्याच कोणी उलगडली तर काय होईल?

तेच आता सांगावयाचे आहे. जून महिन्यात या भरल्या पोळ्यांतल्या काही कामकरणी कोशातून बाहेर पडतात त्या मुळी कामाला लागतच नाहीत. अळी आणणे नाही, भरवणे नाही, बांधणे नाही. काही दिवस पोळ्यावर बसून राहतात आणि आठवडाभराच्या आत पोळे सोडून निघून जातात. फ्लोरेन्स विद्यापीठातील स्तेफानो तुरिल्लाझ्झी व लाउरा बेआनी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे डेव्हिड ह्यूज व ऑक्सफर्डच्या जेयरानी कथिरितंबी यांनी २००४ साली हा प्रकार सविस्तर मांडला. निघून गेलेल्या या माश्या ऐन उन्हाळ्यात एखाद्या झुडपावर घोळका करून बसलेल्या सापडतात. निरोगी माश्यांचे असे घोळके दिसतात ते दोन-तीन महिन्यांनी, आणि तेही भावी राण्यांचे. संशोधकांनी ऐन उन्हाळ्यातल्या या घोळक्यातील माश्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या पोटात एकच रहिवासी निघाला. त्याचे नाव झेनॉस वेस्पारम.

झेनॉस हा ग्रीक शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात, परका आणि पाहुणा. वेस्पारम म्हणजे गांधीलमाश्यांचा. हे नाव इटलीतील पीझा येथील पिएत्रो रोस्सी यांनी १७९३ साली ठेवले. पाहुणा आणि परका यांतले अंतर कधी कधी किती थोडे असते, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. चार दिवस राहतो तो पाहुणा. जो जातच नाही, त्याला काय म्हणावे? आम्ही त्याला पाहुणाच म्हणू, कारण यजमानाला तो शेवटपर्यंत परका वाटत नाही. सगळी गंमत, आणि सगळे भय, त्यातच आहे.

हा घरात शिरतो कसा ते पाहा. त्याचे पहिले रूप म्हणजे धुळीच्या कणाएवढी, सहा पायांची, चपळ अळी. अशा हजारो अळ्या एकाच आईपासून जन्मतात, आणि त्या अंड्यातून बाहेर निघत नाहीत तर जिवंतच जन्माला येतात. त्यांतली एखादी पोळ्यातल्या घरापर्यंत पोहोचते, तिथे झोपलेल्या गांधीलमाशीच्या अळीची कातडी मऊ करते आणि आत शिरते. आत गेल्यावर पाय टाकून देते. आता चालावयाचे कोठे आहे?

कोणत्याही प्राण्याच्या शरीरात परके काही शिरले, की शरीर त्याला ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते. आपल्या पायात काटा मोडला तर पू होतो, त्याचे कारण हेच. मग हा पाहुणा बचावतो कसा? याच गणातील एका दुसऱ्या जातीचा अभ्यास करून कथिरितंबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले, की आत शिरलेली अळी यजमानाच्याच त्वचेचा एक पातळ पापुद्रा स्वतःभोवती पिशवीसारखा लपेटून घेते. म्हणजे चोराने घरमालकाचेच उपरणे पांघरावे आणि पहाऱ्याने मालक समजून सलाम करावा, तसे हे दिसते. त्यानंतर तो आपल्या कातडीतूनच यजमानाच्या शरीरातील रस शोषतो. यजमानाचे प्राण जातील असा एकही अवयव तो कुरतडीत नाही. घर पाडून आपलाही निवारा घालवील इतका तो अडाणी नाही.

गांधीलमाशी वाढते, कोश करते, कोशातून पंख घेऊन बाहेर येते, आणि तिच्याबरोबर तिच्या पोटात हाही वाढलेला असतो. पुढे त्याचे डोके तिच्या पोटाच्या दोन वलयांच्या मधून बाहेर डोकावू लागते. पाहुण्याचा नर असला तर ती टोपणासारखी काळसर गाठ दिसते. मादी असली तर तपकिरी, चपटी खपली दिसते. होय श्रोतेहो, आमच्या खिडकीबाहेर गेली तीच बहुधा ही खपली.

नर आणि मादी यांची आयुष्ये इतकी निराळी, की ती एका जातीची आहेत यावर विश्वास बसू नये. नर टोपण ढकलून बाहेर पडतो आणि उडतो. त्याचे पुढचे पंख आखडून छोट्या सोट्यांसारखे झालेले असतात, मागचे पंख पंख्यासारखे उलगडतात. या पिळवटलेल्या पंखांवरूनच या गणाला पाश्चात्त्य शास्त्रात स्ट्रेप्सिप्टेरा असे नाव पडले. आपण त्यांना पिळपंखी म्हणू. त्याचे डोळे पिकलेल्या तुतीच्या फळासारखे दिसतात. साध्या माशीच्या डोळ्यात शेकडो बारीक भिंगे असतात व प्रत्येक भिंग चित्राचा एकेकच बिंदू टिपते. या गणातील झेनॉस पेकी या अमेरिकन जातीच्या नराच्या डोळ्यात भिंगे सुमारे पन्नासच, परंतु प्रत्येकाच्या मागे स्वतंत्र पडदा असतो व प्रत्येक भिंग चित्राचा एक तुकडाच्या तुकडा पाहते, असे १९९९ साली सिद्ध झाले. एवढी नजर, एवढे पंख, आणि आयुष्य किती? काही तासांचे! त्याला खाणे नाही, पिणे नाही. मादी शोधावयाची आणि मरावयाचे.

आणि मादी? तिला डोळे नाहीत, पंख नाहीत, पाय नाहीत. ती गांधीलमाशीचे पोट सोडून आयुष्यात कधी बाहेर पडतच नाही. फटीतून डोकावणारे डोके एवढाच तिचा जगाशी संबंध. तिथूनच ती गंध सोडून नराला बोलावते आणि पुढे तिथूनच तिची हजारो पिल्ले बाहेर सांडतात.

आता त्या उन्हाळी घोळक्याचा अर्थ उलगडू लागतो. पाहुण्याचा नर काही तासच जगणार. त्याला मादी मिळावयाची तर पुष्कळ यजमानीण माश्या एका जागी जमलेल्या हव्यात. पोळ्यावर राहून कामाला बाहेर पडणारी माशी अपघाताने मरेल, अंगची ताकद बहिणींना भरवण्यात घालवील. ते पाहुण्याला परवडणारे नाही. म्हणून यजमानीण आयती बसलेली, धष्टपुष्ट आणि शक्य तो दीर्घायुषी पाहिजे. आणि तशीच ती होते. ज्यांच्या पोटात नर वाढला त्या माश्या उन्हाळा सरेपर्यंत बहुतेक मरतात. ज्यांच्या पोटात मादी आहे, त्या मात्र चरबी साठवतात आणि थंडीत निरोगी भावी राण्यांच्याच घोळक्यात जाऊन, त्यांना बिलगून निजतात. जन्माने त्या कामकरणी. थंडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पाहुण्यामुळे त्यांना ते आयुष्य मिळते. पण वसंत आला, निरोगी राण्या पोळी बांधू लागल्या, तरी या बांधीत नाहीत. त्यांची अंडकोशे खुरटलेली असतात. त्या भटकतात, आणि फुलांवर वा दुसऱ्यांच्या पोळ्यांच्या आसपास पाहुण्याची पिल्ले पेरीत जातात. राणीचे खाणे, राणीची झोप, राणीची चरबी, सगळे मिळाले. एक राज्य तेवढे मिळाले नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर अशा कामकरणींचे मेंदू तपासण्यात आले. प्रत्येक पेशीत आनुवंशिक सूचनांची मोठी पोथी असते, पण तिची सगळी पाने एकाच वेळी वाचली जात नाहीत. कामकरणीच्या मेंदूत काही पाने उघडी असतात, भावी राणीच्या मेंदूत दुसरी. ग्रस्त कामकरणींच्या मेंदूत राणीकडील पानांकडे झुकलेले वाचन आढळले. मघाशी आम्ही मिटलेल्या घडीविषयी विचारले होते. ती घडी उलगडणारा हात पोटातल्या पाहुण्याचा होता. २०१८ साली बेआनी व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती ही, की या ग्रस्त माश्या नारिंगी तुतारीसारख्या फुलांच्या एका वेलीवर विशेष ओढीने जमतात. ही वेल मूळची उत्तर अमेरिकेतली, तुस्कानीतल्या बागांत लावलेली. तिच्या कळ्यांवरचा गोड रस त्या चाखतात. आवडसुद्धा बदलली म्हणावयाची!

येथे शास्त्रज्ञांतही दोन मते आहेत, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. एक मत असे, की यजमानाचे वागणे हे पाहुण्याच्याच जनुकांचे लांब पोहोचलेले कर्तृत्व समजावे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८२ साली आपल्या एका ग्रंथात हा विचार जोमाने मांडला. बांध जसा बांधणाऱ्याचा, तसे त्या माशीचे आळसावणे पाहुण्याचे. दुसरे मत सावध आहे. अंडकोश खुरटले, बाहेर जाणे थांबले, की वाचलेली शक्ती आपोआप चरबीत जाईल. त्यात पाहुण्याची योजना कशाला शोधावयाची? फायदा झाला म्हणजे हेतू होताच असे नाही. आमचे नम्र मत असे, की पोळे सोडणे आणि घोळका करणे इतके नेमके, इतके वेळेवर व पाहुण्याच्या इतक्या पथ्यावर पडणारे आहे, की ते केवळ अशक्तपणाचे फळ म्हणता येत नाही. पण वेलीची आवड वगैरे प्रत्येक गोष्ट पाहुण्याच्या पदरी बांधण्याची घाई करू नये. शोध अजून चालू आहे.

हा व्यवहार कालपरवाचा नव्हे. पिळपंखी कीटकांचे नर ब्रह्मदेशातील सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेले सापडले आहेत. आज त्यांच्या सुमारे सहाशे जाती ज्ञात आहेत आणि त्या गांधीलमाश्या, मधमाश्या, तुडतुडे, नाकतोडे अशा नाना घरी राहतात. हे कोणाचे नातेवाईक, यावर पंडितांनी दीर्घकाळ वाद घातला. कोणी त्यांना भुंगेऱ्यांच्या घराण्यात घातले, कोणी १९९० नंतरच्या काळात माश्यांच्या. अखेर २०१२ साली एका जातीची संपूर्ण आनुवंशिक पोथी वाचून हे भुंगेऱ्यांचे सर्वांत जवळचे आप्त आहेत असा निर्णय झाला. आपल्या देशातही ते आहेत. उत्तर भारतातील पोलिस्टेस वाट्टी या पिवळ्या गांधीलमाशीतून झेनॉसची एक नवी जाती वर्णिली गेली आहे, व तिला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक दशके आपल्याकडील गांधीलमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या राघवेंद्र गदगकरांचे नाव देण्यात आले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. इंग्लंडात सफोक परगण्यातील बारहम या खेड्यात विल्यम कर्बी नावाचे एक धर्मोपदेशक होते. रविवारी प्रवचन आणि उरलेले दिवस मधमाश्या, असा त्यांचा क्रम. एका रानमधमाशीच्या पोटावर त्यांना एक ठिपका दिसला. त्यांना वाटले, गोचिडासारखे काहीतरी चिकटले असावे. त्यांनी टाचणीने ते सोडवू पाहिले, तो माशीच्या पोटातून एक पांढरी, मांसल अळीच बाहेर ओढली गेली. ज्याला ते गोचीड समजत होते ते तिचे डोके होते! त्यांनी १८०२ साली हे लिहिले, आणि पुढे १८१३ साली या किड्यांचा स्वतंत्र गण ठरवून त्याला नाव दिले. राजकीय कीटकशास्त्र संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून कर्बींच्या नावाचा पिळपंखीच मिरवला.

कर्बींजवळ आमच्यापेक्षा अधिक काय होते? आमच्या टेबलावर त्यांच्यापेक्षा चांगले भिंग होते. पुस्तके अधिक होती. एक गोष्ट कमी होती. ठिपका दिसला तेव्हा ते म्हणाले, हे काय आहे? आम्ही म्हणालो, नमुना खराब आहे.

'अळीची भिंगुरटी होते' हा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. कुंभारीण मातीच्या घरात अळी नेऊन ठेवते, तोंड लिंपते, आणि काही दिवसांनी त्या घरातून कुंभारीणच बाहेर पडते. म्हणून लोक म्हणाले, ध्यासाने अळी भिंगुरटी झाली. भक्तीच्या प्रांतात हा दृष्टान्त थोर आहे. तिथे त्याला हात लावण्याचा आमचा अधिकार नाही. पण मातीच्या घरात खरे काय घडते? कुंभारणीने डंख मारून निश्चल केलेली अळी तिच्या पिलाचे अन्न असते. ते घर फोडून आत पाहिल्याशिवाय हे कळण्यासारखे नव्हते. आणि विलक्षण गोष्ट अशी, की त्या दृष्टान्तात अळीविषयी जे म्हटले, ते उलट्या रीतीने आमच्या गांधीलमाशीच्या बाबतीत पुष्कळसे खरे ठरले. येथे पोटात शिरलेल्या अळीने माशीलाच आपल्या सोयीचे रूप दिले. पण हेही पोट उघडून पाहिल्यावरच कळले. बाहेरून पाहणाऱ्याला दिसली ती एक आळशी माशी.

आळशी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. तो फार स्वस्त शब्द आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरगरीब खेडूत सुस्त, कामचुकार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणवले जात. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने दाखविले, की त्यांच्यापैकी लाखो लोकांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत, आणि ते रक्त शोषीत आहेत. वर्तमानपत्रांनी त्या कृमीला आळसाचा जंतू असे नाव दिले. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून त्याविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. अनवाणी पायांना जोडे, घराला शौचकूप आणि पोटाला औषध, एवढ्यावर पुष्कळांचा आळस गेला. हा कृमी माणसाला राणी करीत नाही व त्याच्या मनावर राज्यही करीत नाही, हे खरे. तेव्हा आम्ही माणसाला गांधीलमाशीच्या मापाने मोजतो आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. साम्य दोघांत नाही, पाहणाऱ्यात आहे. जो बसलेला दिसला त्याच्यावर शिक्का मारावयाचा, आणि आत काय आहे ते पाहावयाचे नाही, ही आपली जुनी खोड आहे. वर्गातल्या मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला आम्ही किती वेळा उभे केले, आणि तू सकाळी काय खाल्लेस हे किती वेळा विचारले, याचा हिशेब आज मांडला तर तो आमच्या बाजूने लागणार नाही.

तो मुलगा पुढे परीक्षा उत्तीर्ण होऊन गेला. फ्लोरेन्सकरांचा लेख आमच्या हाती पडला, त्यातले चित्र पाहिले, आणि काडेपेटीतली माशी डोळ्यांपुढे उभी राहिली, तेव्हा त्याचा पत्ता काढण्याचा आम्ही प्रयत्न केला. तो मिळाला नाही. त्याने त्या दिवशी उभ्याउभ्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ही नुसती बसून आहे. बाकीच्या कामाला जातात. हिच्या पोटातून काहीतरी डोकावते आहे. श्रोतेहो, आम्ही तासभर जे सांगितले त्याचा सगळा पाया या तीन वाक्यांत आला आहे. तो आम्हांस धडा देत होता, आणि आम्ही त्याला गुण देत होतो. आज येथे, एवढ्या लोकांसमक्ष, त्याची क्षमा मागतो. तो या गावात नसेल, पण आपल्यापैकी कोणाच्या घरी त्याच्यासारखा मुलगा असेलच.

तेव्हा एकच विनंती. उद्या सकाळी पडवीत गांधीलमाशीचे पोळे दिसले, तर चूड पेटविण्यापूर्वी पाच मिनिटे, सुरक्षित अंतरावरून, त्याच्याकडे पाहा. सगळ्या कामात असतील तर ठीकच. एखादी नुसती बसलेली दिसली, तर तिच्या पोटाच्या पट्ट्यांकडे नीट पाहा. आणि घरातले मूल काडेपेटीत काही घालून आपल्यापुढे आले, तर आधी भिंग उचला, मत मागाहून द्या. आमच्याप्रमाणे आपणांवर पुष्कळ वर्षांनी व्यासपीठावरून क्षमा मागण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हे चटणीचे बोट आम्ही पुढे केले.